देवावरचा भार आणि घरातला भार : ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेचे स्वरूप

सारांश

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. प्रांजळपणा, विनोद आणि घरगुती बोलभाषा या गुणांमुळे मराठी वाङ्मयात त्याचे स्थान अढळ झाले आहे. मात्र या गुणांच्या गौरवात त्या ग्रंथातील श्रद्धाविचाराकडे काहीसे दुर्लक्ष झाले. परिवर्तनाच्या आणि अनिश्चिततेच्या काळात ईश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय, आणि एका व्यक्तीने देवावर टाकलेला भार प्रत्यक्ष संसारात कोणाच्या खांद्यावर येतो, हे दोन प्रश्न या ग्रंथाच्या मुळाशी आहेत. त्या प्रश्नांच्या अनुषंगाने ‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

बीजशब्द : स्मृतिचित्रे, लक्ष्मीबाई टिळक, श्रद्धा, धर्मांतर, स्त्री-आत्मचरित्र, भक्तिपरंपरा.

प्रस्तावना

‘देवावर भार टाकणे’, ‘देवावर हवाला ठेवणे’ हे वाक्प्रचार मराठी माणसाच्या तोंडी सहज येतात. संकटाच्या वेळी माणसाला स्वस्थता देणारी वृत्ती असा त्यांचा सामान्य अर्थ घेतला जातो. परंतु ‘भार’ या शब्दाकडे थोडे बारकाईने पाहिले तर एक अडचण लक्षात येते. भार टाकला म्हणजे तो नाहीसा होत नाही. एकाने खाली ठेवलेले ओझे दुसऱ्या कोणाला तरी उचलावे लागते. साधकाने ईश्वराच्या भरवशावर नोकरी सोडली, घर सोडले, जात सोडली, तर त्याच्या मनाला मुक्तता लाभेल. पण त्या घरातील चूल, मूल आणि उद्याची भ्रांत यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. संतचरित्रांत हा प्रश्न संतांच्या पत्नींच्या रूपाने अधूनमधून डोकावतो, परंतु तेथे त्या पत्नींना बहुधा कजाग किंवा अज्ञानी ठरवून तो मिटवला जातो. तुकोबांच्या जिजाईची लोकमानसातील प्रतिमा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण येथेच आहे. देवावर भार टाकणाऱ्या पुरुषाच्या पत्नीनेच येथे लेखणी हाती घेतली आहे. ती कजाग नाही, अज्ञानीही नाही; आणि महत्त्वाची गोष्ट अशी की ती स्वतः अश्रद्धही नाही. त्यामुळे श्रद्धेची बाजू आणि श्रद्धेची किंमत मोजणाऱ्यांची बाजू या दोन्ही बाजू एकाच लेखणीतून उतरल्या आहेत. मराठी आत्मचरित्रपर लेखनात ही घटना दुर्मीळ आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले कुटुंबात झाला. वडील पराकोटीचे सोवळे पाळणारे होते. स्पर्श, पाणी, धान्य, कपडे या साऱ्यांभोवती विटाळाच्या भीतीचे कुंपण असलेल्या घरात त्यांचे बालपण गेले. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक (१८६१–१९१९) हे कवी, विद्वान आणि वक्ते होते, आणि स्वभावाने विलक्षण अस्थिर होते. एका गावी, एका नोकरीत, एका मतावर ते फार काळ टिकत नसत. न सांगता घराबाहेर पडणे, हाती आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन टाकणे, रागाच्या भरात काही करून लगेच पश्चात्ताप पावणे अशा प्रसंगांनी ग्रंथाचा पूर्वार्ध भरलेला आहे.

नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ वाचावयास दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पती-पत्नींची त्यानंतर काही वर्षे ताटातूट झाली. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. काही काळ त्यांचे वास्तव्य पंढरपुरास होते. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण आपला धर्म राखूनच. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील मिशनच्या परिसरात त्यांनी आपले सोवळे-ओवळे सांभाळले. १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही स्वतंत्र उपासक मंडळी स्थापन करण्याचे ठरवले. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे लक्ष्मीबाई जगल्या आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

हा तपशील अशासाठी महत्त्वाचा की, या आयुष्यात स्थिर असे जवळजवळ काहीच नव्हते. गाव, उत्पन्न, जात, धर्म, नातलग, मुलांचे आयुष्य यांतील प्रत्येक गोष्ट कधी ना कधी हातातून निसटलेली आहे.

टिळकांची श्रद्धा : झोकून देणे

ग्रंथातून उभे राहणारे टिळकांचे व्यक्तिमत्त्व सत्यशोधकाचे आहे. एखादी गोष्ट पटली की तिच्या परिणामांचा विचार न करता ते तिच्यात उडी घेतात. त्यांची ईश्वरनिष्ठा झोकून देण्याची आहे. धर्मांतराचा निर्णय हा अशाच उडीचा सर्वांत मोठा आविष्कार होय. त्या निर्णयामागे कोणताही ऐहिक लाभ नव्हता, उलट नातेवाईक, प्रतिष्ठा आणि हिंदू समाजातील वाचकवर्ग हे सर्व गमावण्याची तयारी होती, याची नोंद लक्ष्मीबाई प्रामाणिकपणे करतात. पतीच्या हेतूबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे परिणाम निर्दोष ठरतात असे त्या मानत नाहीत. टिळकांनी आपली अनिश्चितता ईश्वराच्या हाती सोपवली, त्याच क्षणी पत्नीची अनिश्चितता सुरू झाली. १८९५ नंतरच्या काळात लक्ष्मीबाईंची सामाजिक स्थिती काय होती याचा विचार केला म्हणजे या विधानाचे गांभीर्य ध्यानी येते. त्या विधवा नव्हत्या, आणि सवाष्णीचा संसारही त्यांच्या वाट्याला उरला नव्हता. पती जिवंत, पण त्याच्या घरी जाणे म्हणजे जातीतून बाहेर पडणे. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित जोडीदाराला, दुसरा जोडीदार धर्मांतरामुळे सहवास नाकारीत असल्यास, न्यायालयामार्फत विवाह विसर्जित करून घेण्याची वाट मोकळी केली होती. टिळकांनी त्या वाटेचा अवलंब केला नाही. तथापि ज्या वाटेवर निर्णयाचे सूत्र प्राधान्याने धर्मांतरित व्यक्तीच्याच हाती होते, तिच्या सावलीत मागे राहिलेल्या पत्नीने जगायचे होते. तिच्यासमोर प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता. आज कोणाच्या घरी राहायचे, उद्या मुलाचे काय होणार, आणि नवऱ्याचे पत्र आले तर त्याला उत्तर द्यायचे की नाही, असे ते प्रश्न होते.

टिळकांच्या भक्तिकवितेत समर्पणाचा जो उत्कट स्वर आहे, त्याची दुसरी बाजू ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. या दोन लेखनांना एकमेकांसमोर ठेवून वाचले तरच त्या काळातील श्रद्धेचे पूर्ण चित्र हाती लागते. कवितेत समर्पण करणारा ‘मी’ एकटा असतो. आत्मचरित्रात मात्र त्याच्यामागे एक कुटुंब उभे असते.

लक्ष्मीबाईंची श्रद्धा : उचलून धरणे

येथपर्यंतचे विवेचन वाचून असा समज होण्याचा संभव आहे की, ‘स्मृतिचित्रे’ ही श्रद्धेविरुद्ध केलेली तक्रार आहे. ग्रंथ तसा नाही. लक्ष्मीबाईंच्या लेखनात तक्रारीचा सूर येतो, पण तो टिकत नाही. त्याची जागा लवकरच कृती घेते. घरात काही नसताना पाहुणे आले तर त्यांच्या पानात काय पडले याचे वर्णन येते. प्लेगच्या दिवसांत माणसे एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, तेव्हा केलेल्या शुश्रूषेचे वर्णन येते. दुसऱ्यांची मुले आपल्या घरात सामावून घेतल्याचे वर्णन येते. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा हळवा, अस्थिर तरुण कवी टिळकांच्या घरी राहिला, तो या घराचे दार कोणासाठीही बंद नसे म्हणून. आणि ते दार उघडे ठेवण्याचे काम प्रत्यक्षात लक्ष्मीबाईंचे होते.

या कृतींना त्या श्रद्धा असे नाव देत नाहीत. आपण ईश्वरावर विसंबून हे सारे केले, असा दावा फारसा आढळत नाही. तथापि वाचकाच्या ध्यानी येते की, उद्याची कोणतीही शाश्वती नसताना आज दुसऱ्याच्या पानात वाढणे ही भरवशाशिवाय शक्य होणारी गोष्ट नाही. टिळकांची श्रद्धा झोकून देण्याची असेल, तर लक्ष्मीबाईंची श्रद्धा उचलून धरण्याची आहे. पहिली प्रसंगांतून प्रकट होते, दुसरी दिवसांतून. पहिलीला साक्षीदार, टीकाकार आणि चरित्रकार लाभतात. दुसरीची दखल घ्यायला, ती जगणाऱ्या स्त्रीने स्वतः लिहिले नसते, तर कोणीही उरले नसते.

मराठीत श्रद्धेसाठी असलेल्या शब्दांचा येथे विचार करणे उपयुक्त ठरेल. वारकरी परंपरेचा आवडता शब्द ‘भाव’ हा आहे. मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या ख्रिस्ती मराठीत ‘विश्वास’ या शब्दाला पारिभाषिक वजन आले. या दोहोंच्या जोडीला ‘भरवसा’ हा तिसरा, घरगुती शब्द आहे. तो देवासाठी वापरतात तसाच माणसासाठीही वापरतात, आणि बहुधा जेथे भरवसा ठेवणे कठीण असते तेथेच तो तोंडी येतो. ‘भावा’ला उत्कटता लागते, ‘विश्वासा’ला सिद्धान्त लागतो, ‘भरवशा’ला मात्र केवळ टिकाव धरावा लागतो. ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धा ही या तिसऱ्या जातीची आहे. तिच्यात देवावरचा भरवसा आणि नवऱ्याच्या परत येण्यावरचा भरवसा या दोन गोष्टी पुष्कळदा एकमेकींत मिसळलेल्या आढळतात, आणि त्यांना वेगळे करण्याची घाई लेखिका करीत नाही.

धर्मांतर : अनुकरण की निर्णय ?

लक्ष्मीबाईंचे धर्मांतर हे पातिव्रत्याचे टोक आहे, पती गेला म्हणून पत्नी मागोमाग गेली, असे वाचन सोपे आहे. सामान्य चर्चेत ते वारंवार डोके वर काढते. ग्रंथाचा पुरावा या वाचनाच्या विरुद्ध जातो. केवळ अनुकरणच करायचे असते तर ते १८९५ सालीच झाले असते. टिळकांकडे परतल्यानंतरही त्यांनी धर्म सोडला नाही. ख्रिस्ती वस्तीत राहून त्यांनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. पतीबरोबर राहणे आणि पतीचे मत स्वीकारणे या दोन गोष्टी त्यांनी जाणीवपूर्वक अलग केल्या. त्या काळातील स्त्रीच्या दृष्टीने हा असामान्य विवेक होता.

त्यांच्या मनात खरा बदल घडला तो ख्रिस्ती सिद्धान्तांच्या निमित्ताने नसून जातिभेदाच्या प्रश्नावर. हे भेद देवाने केले की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. देवाने केले असते तर पशुपक्ष्यांच्या जातींत दिसतो तसा फरक माणसामाणसांत दिसला असता. तसा तो दिसत नाही, तेव्हा हे भेद माणसाचेच, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद त्यांच्यापूर्वीही अनेकांनी केलेला होता. त्याचे मोल नावीन्यात नाही. ज्या स्त्रीचे सारे बालपण विटाळाच्या धास्तीत गेले, तिने तो स्वतःच्या बुद्धीने, कोणाच्या सांगण्याशिवाय उभा केला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला, यात त्याचे मोल आहे. ही घटना बाप्तिस्म्याच्या आधीची आहे. म्हणजे धर्मांतराच्या विधीपूर्वीच धर्मांतराचा आशय पूर्ण झालेला होता.

श्रद्धेच्या दृष्टीने या प्रसंगाचा अर्थ असा लावता येतो : सोवळे हे अनिश्चिततेवरचे उत्तर होते. जग धोक्याचे आहे, म्हणून स्पर्श टाळा, पाणी वेगळे ठेवा, सीमा आखा, असे ते सांगत होते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या घरी भीतीलाच धर्माचे रूप आले होते. त्या कुंपणाबाहेर पाऊल टाकणे म्हणजे सुरक्षिततेच्या एका जुन्या व्यवस्थेवरील भरवसा काढून घेऊन तो देवाच्या आणि माणसांच्या चांगुलपणावर ठेवणे होय. या अर्थाने लक्ष्मीबाईंची श्रद्धा भीतीच्या विरोधात उभी राहते. संशयाशी तिचे वैर नाही. संशय त्या घेतात, प्रश्न विचारतात, टिळकांना फैलावर घेतात. भीतीला मात्र त्या हळूहळू घरातून हद्दपार करतात.

निवेदनाची रीत आणि विनोदाचे कार्य

धर्मांतराच्या कथनाला मराठीत ‘स्मृतिचित्रे’पूर्वीच एक परंपरा होती. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे तिचे महत्त्वाचे उदाहरण. त्या शीर्षकातच अंधाराकडून प्रकाशाकडे जाण्याची दिशा सूचित आहे. पंडिता रमाबाई यांनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या साक्षीतही तीर्थयात्रा, दुष्काळ, आप्तांचे मृत्यू आणि जुन्या देवतांविषयीचा भ्रमनिरास यांचा प्रवास अखेरीस एका निश्चित प्रकाशापर्यंत पोहोचतो. अशा कथनात भूतकाळातील प्रत्येक दुःखाला पुढील प्राप्तीमुळे अर्थ मिळतो. शेवट ठाऊक असल्यामुळे मधली अनिश्चितता बोथट होते.

‘स्मृतिचित्रे’ची रीत वेगळी आहे. शीर्षक ‘चित्रे’ असे सांगते. प्रवास किंवा उदय असे सांगत नाही. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून द्याव्यात, या मुलाच्या, म्हणजे देवदत्तांच्या आग्रहातून हे लेखन सुरू झाले. लेखिकेला टिळकांच्या खटपटीने अक्षरओळख झालेली होती, परंतु जोडाक्षरांशी त्यांचे अखेरपर्यंत फारसे जमले नाही. या मर्यादेचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की, धार्मिक वाङ्मयातील तयार वाक्यरचना त्यांच्या लेखनात शिरल्या नाहीत. प्रत्येक प्रसंग त्या त्या वेळच्या अज्ञानासह येतो. टिळक घरातून निघून गेलेले असतात, ते परत येतील की नाही हे लेखिकेला लिहिताना ठाऊक असते. पण निवेदनातील लक्ष्मीला ते ठाऊक नसते, आणि वाचकालाही कळू दिले जात नाही. देवाची योजनाच तशी होती, असा निर्वाळा देऊन प्रसंग मिटवण्याचा मोह त्यांनी बहुतेक ठिकाणी टाळला आहे. अनिश्चितता अनिश्चिततेसारखीच वाटावी, एवढी सचोटी या निवेदनात आहे. श्रद्धेवरील लेखनात ती सहसा आढळत नाही.

विनोदाचाही याच दृष्टीने विचार व्हावयास हवा. ‘स्मृतिचित्रे’तील विनोद हा आजवर शैलीचा अलंकार म्हणून वाखाणला गेला. वास्तविक तो या ग्रंथातील श्रद्धेचे एक अंग आहे. हसण्यासाठी संकटापासून थोडे अंतर लागते. लेखिका स्वतःची फजिती, स्वतःचे अज्ञान, स्वतःचा हट्ट यांनाच हास्याचा विषय करते. त्यातून संकट हे अंतिम सत्य नाही, असा न उच्चारलेला विश्वास व्यक्त होतो. टिळकांशी होणारी त्यांची भांडणेही या संदर्भात पाहता येतात. जनाबाईंच्या नावे चालत आलेल्या परंपरेत विठ्ठलाशी भांडणे, त्याला बोल लावणे हा भक्तीचाच प्रकार मानला गेला आहे. भांडण तुटण्याच्या भीतीने केले जात नाही. नाते तुटणार नाही, या खात्रीने केले जाते. लक्ष्मीबाईंचे नवऱ्याशी भांडण आणि देवाविषयीचे प्रश्न हे दोन्ही या परंपरेशी नाते सांगणारे आहेत. टिळकांनी आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत आलो, असे मानले. त्यांच्या पत्नीच्या लेखनात भक्तिपरंपरेचा दुसरा, भांडखोर आणि घरगुती प्रवाह वाहताना दिसतो.

वैधव्यानंतरची श्रद्धा

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, तेव्हा कुटुंबाच्या आयुष्यात पुन्हा एकदा तीच परिस्थिती उद्भवली. बावीस वर्षांपूर्वीची उडी आणि ही उडी यांत साम्य आहे. फरक आहे तो लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत. पहिल्या वेळी निर्णय त्यांच्या पाठीमागे झाला होता. दुसऱ्या वेळी त्या त्याच वाटेवर उभ्या होत्या, आणि या वाटेवर कोणाला काय उचलावे लागणार हे त्यांना पुरते कळत होते.

टिळकांच्या निधनानंतरचा काळ हा त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी ठरतो. आता ज्याच्या श्रद्धेचे परिणाम निस्तरायचे, तो पुरुषच उरला नव्हता. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या अकरा अध्यायांच्या आसपास थांबलेले होते. ज्या स्त्रीची जोडाक्षरांशी झटापट होत असे, तिने त्याचे पुढील साठाहून अधिक अध्याय रचले. हा ग्रंथ १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. टिळकांनी अर्धवट टाकलेले काम पुरे करण्याचा हा शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रसंग होय. मात्र येथे ‘निस्तरणे’ हा शब्द अपुरा पडतो. भार उचलता उचलता तो स्वतःचा झाला होता. पतीच्या श्रद्धेची किंमत मोजण्यापासून सुरू झालेला प्रवास स्वतःच्या वाणीने ख्रिस्तकथा सांगण्यापर्यंत पोहोचला.

ग्रंथाची मर्यादा

‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेचे हे चित्र कितीही समृद्ध असले तरी त्याला एक सामाजिक चौकट आहे. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाखाली ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील लोकांचा भरणा मोठा होता. त्यांच्यासाठी धर्मांतरातील अनिश्चितता निराळी होती. गावकीतील हक्क, बलुते, पाणवठा, शेजार यांच्याशी ती निगडित होती. टिळक कुटुंबाने जात गमावली हे खरे; पण विद्वान ब्राह्मण धर्मांतरित म्हणून मिशनमध्ये त्यांना जी प्रतिष्ठा मिळाली, ती या बहुसंख्य ख्रिस्ती बांधवांना मिळाली नाही. लक्ष्मीबाईंच्या लेखनात ही माणसे आपुलकीने येतात, त्यांच्या हातचे खाणे हा लेखिकेच्या मुक्तीचा प्रसंगही ठरतो. परंतु त्यांच्या स्वतःच्या भरवशाची कहाणी त्यांच्या तोंडून ऐकू येत नाही. एका स्त्रीच्या लेखणीमुळे जसा घरातला अदृश्य भार दृश्य झाला, तसा त्या वस्त्यांतील भार दृश्य व्हायला मराठी साहित्याला पुढे अनेक दशके थांबावे लागले. ही मर्यादा सांगितल्याने ग्रंथाचे मोल उणावत नाही. उलट ज्या कसोटीवर लक्ष्मीबाईंनी टिळकांची श्रद्धा पारखली, तीच कसोटी त्यांच्या ग्रंथालाही लावण्याचा हक्क वाचकाला तोच ग्रंथ देतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ईश्वरावरील भरवसा हा मनःशांतीच्या अवस्थेपेक्षा रोजच्या कृतीच्या रूपाने प्रकट होतो.

२. ग्रंथात श्रद्धेची दोन रूपे समोरासमोर येतात : झोकून देणारी आणि उचलून धरणारी. पहिलीचे धैर्य लेखिका मान्य करते, पण ती दुसरीच्या आधारावर उभी असते हेही दाखवून देते.

३. लक्ष्मीबाईंचे धर्मांतर हे पतीचे अनुकरण नसून जातिभेदाच्या प्रश्नावर स्वतंत्र विचाराने घेतलेला निर्णय आहे. त्यात भीतीवर आधारलेल्या सुरक्षिततेचा त्याग अभिप्रेत आहे.

४. शेवट ठाऊक असूनही अनिश्चितता जशीच्या तशी राखणारे निवेदन आणि संकटापासून अंतर घेणारा विनोद ही या ग्रंथाची केवळ शैलीवैशिष्ट्ये नाहीत. त्यातील श्रद्धाविचाराशी त्यांचा अंगभूत संबंध आहे.

५. धर्मांतरित समाजातील दलित स्त्री-पुरुषांचा अनुभव या ग्रंथाच्या परिघावरच राहतो. त्या अनुभवाच्या अभ्यासाशिवाय या काळातील श्रद्धेचा इतिहास अपुरा राहील.

परिवर्तनाच्या काळात देवावर विसंबावे, असा उपदेश करणारे लेखन मराठीत विपुल आहे. तो उपदेश आचरणात आला तेव्हा घरात काय घडले, हे सांगणारे लेखन मोजके आहे. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ देवावर भार टाकू नका, असे म्हणत नाही. तो भार खाली येतो तेव्हा तो कोणाच्या हातांवर येतो, तिकडे पाहावयास लावतो. आणि ते हात रिकामे नव्हते, त्यांच्यातही देवावरचा भरवसा होता, याची नोंद करून ठेवतो.